रायगडाचं पाणी

“हत्ती तलावात पाणी आहे का हो?”

महाडहून पाचाडला जाताना मी जीपवाल्याला विचारलं, तेव्हा त्यानं आरशातून माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. रायगडाला निघालेला माणूस रोपवेला रांग किती ते विचारतो, जेवणाची सोय विचारतो, फार तर रेंज मिळते का विचारतो. तलावाची चौकशी कोण करतं? “असेल की,” तो म्हणाला. “आता राहतं म्हणतात.”

हे ‘आता राहतं’ बघायलाच मी निघालो होतो.

हत्ती तलाव पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. चौथीचं इतिहासाचं पुस्तक डोक्यात ताजं होतं. महादरवाज्यातून वर आल्यावर गुरुजींनी हात करून सांगितलं, इथं महाराजांचे हत्ती पाणी पीत. समोर एक भलामोठा खड्डा, तळाला वाळकं गवत आणि मधोमध निवांत चरणारी एक गाय. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “हत्ती काय गवत पीत होते का?” त्याला धपाटा बसला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. तलावाला गळती होती. पावसाळ्यात भरायचा आणि पाऊस सरला की मागोमाग पाणीही सरायचं. माझ्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी हत्ती तलाव म्हणून हा खड्डाच पाहिला असणार.

अलीकडच्या वर्षांत ही गळती काढण्याचं काम झालं आणि काठोकाठ भरलेल्या तलावाची छायाचित्रं लोकांनी एकमेकांना पाठवली. पण मेघडंबरीची सजावट, रोषणाई, पालखी यांच्या बातम्यांपुढे ही बातमी कोपऱ्यातच राहिली. मला मात्र वाटतं, किल्ला जतन होतोय की नुसता सजतोय हे जोखायचं असेल तर आधी त्याच्या तलावाशी जाऊन उभं राहावं.

किल्ला म्हटलं की आपल्याला तट, बुरूज आणि तोफा दिसतात. किल्ला बांधणाऱ्यांना आधी पाणी दिसायचं. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडकोटांवर एक प्रकरणच आहे. जागेवर पाणी आहे का ते आधी बघा, मग किल्ला बांधा, असं त्यात बजावलंय. पुढचा इशारा तर आणखी मार्मिक आहे. गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निर्धास्त राहू नका. झुंजाच्या वेळी तोफांच्या दणक्यानं झरे आटतात, तेव्हा साठवणीची टाकी वेगळी करून ठेवा. वेढ्यात बसलेल्या माणसानंच हे लिहावं. शत्रू आत शिरण्याच्या आधी तहान शिरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रायगडावर याचा पुरावा थेट दगडात आहे. जगदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख बसवलेला आहे. गडावर काय काय बांधलं याची त्यात यादी आहे, आणि ती सुरू होते विहिरी आणि तलावांपासून. बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजमंदिरं हे सगळं त्यानंतर. चंद्रसूर्य असेपर्यंत हे नांदो, अशी इच्छा शेवटी आहे. ही यादी गड बांधणाऱ्या हिरोजीच्या नावानं आहे. जवळच्या पायरीवर त्याचं नाव पुन्हा कोरलेलं आहे, इटळकर असं. आपण त्याला हिरोजी इंदुलकर म्हणून ओळखतो. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय आपल्या नावाला लागावा अशा जागी नाव कोरून घेणाऱ्या माणसानं कामाच्या यादीत पाण्याला पहिला मान दिला, ही गोष्ट मला त्या पायरीइतकीच बोलकी वाटते.

सह्याद्रीतली एक जुनी रीत आहे. कातळात टाकं खोदायचं आणि निघालेला दगड बांधकामाला लावायचा. एका कामात दोन कामं. त्यामुळे गडावरचं टाकं म्हणजे एका अर्थी उलटा वाडाच: जितकं खाली गेलं तितकं वर चढलं. गंगासागर, कुशावर्त, काळा हौद, बारा टाकी ही नावं नकाशावर वाचताना आपण त्यांना गडावरची सोय समजतो. खरं तर गडाची सुरुवातच तिथून झालेली असते.

मी पायऱ्यांनीच चढलो. रोपवे १९९६ पासून आहे, चार-पाच मिनिटांत माथ्यावर नेऊन सोडतो, आणि गुडघे धरलेल्या, कडेवर लेकरू असलेल्या माणसांसाठी तो आहे हे उत्तमच आहे. पायी चढणं म्हणजेच खरी भक्ती असं मानणाऱ्यांतला मी नाही. पण महादरवाजा पायीच यावा. वळण घेतल्याखेरीज तो दिसतच नाही. दोन दांडग्या बुरुजांच्या कुशीत दडलेला असतो. रोपवेनं गेलं की ही सगळी हुशारी आपल्या पायाखालून निघून जाते.

याच पायऱ्यांवर जुलै २०२४ मध्ये काय झालं ते बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. माथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि सगळं पाणी पायऱ्यांवरून धबधब्यासारखं कोसळू लागलं. कठड्यांना, भिंतीला धरून माणसं जिवाच्या आकांतानं उभी होती. त्यानंतर काही आठवडे गड पर्यटकांना बंद ठेवला. इतक्या पावसापुढे कुठलीही मोरी अपुरीच पडेल, हे खरं. तरी ते दृश्य बघताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की गडावर पडलेल्या पाण्याला स्वतःची वाट असावी लागते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या बांधकामात हे पाणी कुठून कुठे जाईल याचा हिशोब केलेला असतो. तटाच्या पायथ्याशी सोडलेली भोकं, जोत्यांमधून काढलेले नळ, उताराच्या फरसबंद्या, टाक्यांची सांडवाट. दोनशे वर्षं यात माती, पालापाचोळा आणि मुळं जाऊन बसली. मग पाणी तटाच्या पोटात शिरतं. बाहेरून तट धडधाकट दिसतो, आत भराव भिजून फुगलेला असतो, आणि एका पावसाळ्यात पोट फुटून चिरे खाली येतात. तट ढासळला म्हणून बातमी येते त्या दिवशी. तो ढासळायला लागलेला असतो कित्येक वर्षं आधी.

संवर्धनाच्या कामाचं निम्मं अंग म्हणूनच असं असतं, की ज्याचा फोटो काढून उपयोग नाही. मोऱ्या मोकळ्या करणं. वड-पिंपळाची मुळं काढणं, आणि तीही ओढून नव्हे, कारण ओढली तर दोन चिरे सोबत घेऊन येतात. आणि चिऱ्यांमधल्या दरजा भरणं.

दरजा भरणाऱ्या एका गवंड्याशेजारी मी तासभर बसलो. वय साठीच्या आसपास, डोक्याला पंचा. आधी त्यानं जुन्या दरजेतली माती टोकदार सळईनं कोरून काढली, कुंच्यानं झाडली, मग डब्यातलं पाणी शिंपडून दरज चांगली भिजवून घेतली. कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो, आणि पाणी गेलं की चुना भुसभुशीत होतो. मग थापीवर थोडासा माल घेऊन थापी उलटी केली. माल पडला नाही. “चिकटला तर कामाचा,” एवढंच म्हणाला. दरजेत माल दाबताना तो बाहेरून गुळगुळीत करत नव्हता. दगडाच्या कडेपासून नखभर आत ठेवत होता. मी कारण विचारलं. दगड दिसायला पाहिजे, चुना नाही, असं त्याचं म्हणणं. मोठमोठ्या संवर्धन-संहितांचं सार मी वाचलेलं आहे. इतक्या थोडक्यात ते कुठंही सापडलं नव्हतं.

हा चुना आपल्या घराच्या भिंतीचा नव्हे. कळीचा चुना हौदात विरवायचा, दिवसेंदिवस मुरू द्यायचा. त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळायचा. पूर्वी घाणीचं दगडी चाक बैल फिरवायचे, आता मोटर फिरवते. गुळाचं, बेलफळाचं, हिरड्याचं पाणी घालतात. ऐकणाऱ्याला हा आजीबाईचा बटवा वाटतो, पण त्यामुळे माल चिवट होतो आणि सावकाश सुकतो. चुना हवेतला कर्बवायू ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड बनतो. त्यात लवचीकपणा असतो, ओल त्यातून बाहेर पडू शकते, बारीक भेगा तो स्वतःच भरून काढतो. सिमेंट याच्या बरोबर उलट. ते घट्ट, ओल कोंडून धरणारं. कोंडलेल्या ओलीला वाट फक्त दगडातून उरते, मग दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. एका किल्ल्यावर, नाव घेत नाही, मी अख्खा बुरूज सिमेंटनं लिंपलेला पाहिलाय. करणाऱ्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. शनिवार-रविवार सुट्टी टाकून, पदरचे पैसे घालून पोरांनी गोण्या खांद्यावरून वर नेल्या होत्या. दोन पावसाळ्यांत सिमेंट जागच्या जागी आणि शेजारचा चिरा सैल. चांगुलपणाला ओळंबा लावता येत नाही, हीच पंचाईत.

चुन्याच्या कामात एक गंमतीचा पेच आहे. पावसात ते करता येत नाही, म्हणजे दसऱ्यापासून फार तर वैशाखापर्यंतची मुदत. आणि नेमक्या त्याच कोरड्या महिन्यांत चुना विरवायला, दरजा भिजवायला, भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट ठेवायला पाणी लागतं. तलाव दुरुस्त करायचा तर तो रिकामा हवा. दुरुस्तीच्या चुन्याला पाणी हवं, ते दुसऱ्या तलावातून. एका टाक्यानं दुसऱ्याला सावरायचं. हिरोजीच्या माणसांनाही हाच पेच पडला असणार.

रायगड उद्ध्वस्त कुणी केला, या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: इंग्रजांनी. ते खोटं नाही. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतलेला रायरीचा डोंगर, १६७४ ला तिथं झालेला राज्याभिषेक, १६८९ मध्ये मोगलांच्या हाती जाणं, मग सिद्दी, मग १७३३ ला पुन्हा मराठे, ही सगळी उलथापालथ गडानं पचवली होती. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर चढल्या आणि वाड्यांना आग लागली. लाकडी खांब, तुळया, छपरं जळून गेली, जोती तेवढी राहिली. पण आग काही दिवसांची. त्यानंतर दोनशेहून अधिक पावसाळे आले, त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानंच महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल हळहळ छापली. त्यावर सरकारनं समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला ५ रुपये मंजूर केले. टिळकांनी या प्रश्नावर रान उठवलं, निधी जमवला आणि १८९६ मध्ये गडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. समाधीवरची छत्री उभी राहायला मात्र विसाव्या शतकातली काही दशकं जावी लागली.

५ रुपयांपासून सुरू झालेला हा आकडा आज ६०६ कोटींच्या आराखड्यापर्यंत आलाय. गडाचा ताबा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, सोबत २०१७ च्या सुमारास स्थापन झालेलं रायगड विकास प्राधिकरण. पैसा आला की माणसं कामाची घाई करतात आणि पुरातत्त्वाचा माणूस ब्रशनं माती झाडत बसतो. या दोन चालींचं जमवून घेणं हे चुना मळण्याइतकंच अवघड काम आहे. उत्खननात वाड्यांची जोती मोकळी झाली. कौलांचे तुकडे, खिळे, भांड्यांची खापरं निघाली. सोन्याची बांगडी आणि पुढे यंत्रराज निघाला तेव्हा बातम्या झाल्या. मला कौलांचे तुकडे जास्त मोलाचे वाटतात. छप्पर कसलं होतं हे सांगणारा साक्षीदार तोच.

छपराचा विषय निघाला की वाद ठरलेला. गडावर गेलेल्या दहांतल्या आठ जणांच्या तोंडी एकच वाक्य असतं: पुन्हा होता तसा बांधून का काढत नाहीत? त्यांच्या भावनेची मी टिंगल करणार नाही. नगारखान्याच्या कमानीखालून सदरेकडे बघताना, तिथं कुजबुजलेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं हे स्वतः अनुभवताना, माझ्याही मनात छप्पर उभं राहतं. पण ते माझं छप्पर असतं, आणि त्यावर सिनेमांची बरीच धूळ असते. ‘होता तसा’ यातला ‘तसा’ कुठून आणायचा? खांबांच्या बैठका सापडतात. त्यावर खांब किती उंच, तुळया कशा, कौलं कुठल्या उतारानं उतरलेली, हे सगळं अंदाजानं ठरवावं लागेल. १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यानं नेमकी हीच रेघ मारून दिली: तर्क सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा. त्याच्या खूप आधी, १९२३ मध्ये, पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांनी आपल्या संवर्धन-पुस्तिकेत जुनं जपण्यावर भर दिला होता, नवं करून ठेवण्यावर नाही.

रेघ ओलांडली की काय होतं, ते फ्रान्सच्या दक्षिणेतल्या कारकासोनला बघायला मिळतं. मध्ययुगीन दुहेरी तटाचं हे शहर एकोणिसाव्या शतकात पडायला आलं होतं. १८५३ पासून व्हिऑले-ल-द्युक या स्थापत्यकारानं ते उभं केलं, आणि बुरुजांवर टोकदार, पाटीच्या दगडाची काळसर छपरं चढवली. तशी छपरं उत्तरेकडची. त्या उष्ण दक्षिणेत बसकी, लाल कौलं चालत. लोकांनी नावं ठेवली. पुढच्या शतकात काही बुरुजांवरची छपरं बदलून कौलंही घातली. पण तोवर ती टोकदार छपरं पोस्टकार्डांवर गेली होती, आणि आज लाखो लोक तीच बघायला जातात. म्हणजे चूक इतकी देखणी निघाली की आता तीच वारसा झाली. रायगडावर असं झालं तर पन्नास वर्षांनी चौथीतलं पोर २०२० च्या दशकातल्या सुताराचं काम बघून महाराजांचा दरबार बघितला म्हणून घरी जाईल.

उलट बाजूही सोपी नाही. ‘नवं काही नको’ हे म्हणायला ठीक, पण गडावर नवं आधीपासून आहेच. मेघडंबरी नवी आहे, समाधीची छत्री गेल्या शतकातली, वाघ्या कुत्र्याचं स्मारक १९३६ चं. ते ठेवायचं की हलवायचं यावरून अलीकडे केवढा गदारोळ झाला. किल्ल्यावरचा कुठला थर ‘खरा’, हे चुन्याच्या पाट्यांनी ठरत नाही, त्या त्या काळच्या माणसांच्या गरजेनं ठरतं. मला विचाराल तर आलेला थर ठेवावा, त्यावर तो कधी आला ते लिहावं, आणि पुढचा थर टाकायच्या आधी दहादा विचार करावा.

११ जुलै २०२५ ला पॅरिसमधल्या बैठकीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तमिळनाडूतली जिंजी. पेढे वाटले गेले, वाटायलाच हवे होते. पण नोंद झाली ती सुट्या किल्ल्यांची नाही, ‘लष्करी भूप्रदेशा’ची. डोंगर, जंगल, खाडी, बेट यांचा वापर करून उभी केलेली एक सबंध रचना, असा तो विचार आहे. म्हणजे बालेकिल्ल्याइतकीच पायथ्याची वाडीही त्यात आली. संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, हा कायदा आहेच. आता त्या हद्दीपलीकडच्या दगडखाणी, हॉटेलं आणि रस्ते यांच्याकडेही जगाची नजर असेल. गडाच्या दारात राहणाऱ्या माणसाला मात्र आधी हे कळायला हवं की या मानानं त्याच्या घराच्या कौलाचं काय होणार.

६ जूनला, राज्याभिषेकाच्या सोहळ्याला, मी दोन वर्षांपूर्वी गडावर होतो. लाखांनी माणूस. पहाटेपासून ढोलताशे, भगवे फेटे, पायऱ्यांवर खांद्याला खांदा. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला. पण तारीख बघा: मृगाच्या तोंडाशी, पाऊस अजून न आलेला, टाक्यांनी तळ गाठलेला. गडावर वर्षातलं सगळ्यात कमी पाणी असतं तेव्हा सगळ्यात जास्त माणसं तिथं येतात. मग पाणी बाटल्यांतून येतं, आणि बाटल्या गडावर राहतात. दुसऱ्या दिवशी त्या गोळा करत फिरणारी पोरं मी पाहिली. त्यांच्या पाठीवरच्या पोत्यांचा फोटो कुणी काढत नव्हतं. पायथ्याच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तीही याच दिवसांत. किल्ला लोकांना खुला करणं म्हणजे तिकीट खिडकी, फलक आणि कठडे, असं आपण धरून चालतो. लाख माणसं प्यायली काय, गेली कुठं आणि मागे काय ठेवून आली, हे त्यातलं मुख्य काम आहे.

पाचाडला, जिजाऊंच्या वाड्याच्या आवारात, एक विहीर आहे. तिच्या काठाला दगडात घडवलेला तक्क्या आहे, टेकून बसायला. पाणी भरायला आलेल्या बायांशी बोलत जिजाऊ तिथं बसत, असं गावकरी सांगतात. गड बघून उतरलेले फार थोडे लोक तिकडे वळतात.

आता हत्ती तलावाचं. पौषातली दुपार होती. वारा सुटलेला. बांधावरून खाली बघितलं तर पाणी होतं. काठोकाठ नाही, खुणेच्या बरंच खाली, पण चांगलं खोल, हिरवट, वाऱ्यानं थरथरणारं. पलीकडे एका शाळेची सहल उभी होती आणि बाई सांगत होत्या, इथं हत्ती पाणी पीत. यावेळी कुणी हसलं नाही.

काठाजवळ ताक-भाकरी विकणारी एक मावशी बसली होती. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही घरं आहेत, त्यातलीच. ताक घेतलं. मीठ जास्त होतं, चढून आल्यावर हवंच असतं. पाणी राहतंय का, विचारलं. तिनं हातातली ओगराळी समोर केली.

“त्यो मोठा दगड बघा, कडंचा. त्याचा माथा उघडा पडला की शिमगा आला समजायचं. मागं तर दिवाळीलाच उघडा असायचा.”

कोणता दगड ते मी दोनदा विचारून घेतलं. तो अजून पाण्याखाली होता.